तानूबाईंची कात्री

तानूबाईंना खुर्ची सोसत नसे. यशवंतपूरच्या त्या प्राथमिक शाळेत त्यांच्यासाठी चांगली वेताची खुर्ची होती, पण तिच्यावर खडूची पेटी, नकाशाची गुंडाळी आणि कुणाचा तरी उसवलेला सदरा बसलेला असायचा. बाई आपल्या फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फिरत राहायच्या. चिक्कपेटेतल्या गल्लीत खाली त्यांच्या भावाचं, गुंडोचं, शिवणकामाचं दुकान होतं आणि वर राहत्या दोन खोल्या. तिथेही संध्याकाळी घरी आल्या की येरझाऱ्या सुरू. खालून मशीन थांबवून गुंडो ओरडायचा, "अक्का, बस की स्वल्प! तुझ्या पायाची भिंगरी माझ्या डोक्यावर फिरते."

खुर्चीवरच्या सदऱ्याचं सांगायला हवं. तानूबाई शिंप्याच्या. तीन पिढ्यांपूर्वी सोलापूरकडून सुई-दोरा घेऊन बेंगळुरात आलेलं घर. त्या घरातली, किंबहुना त्या गल्लीतली, ट्रेनिंग होऊन मास्तरीण झालेली ही पहिली मुलगी. बापाने पेढे वाटले होते. पण शाळेत पाऊल टाकलं आणि पहिल्याच आठवड्यात हेडमास्तर रघुपतीरावांनी कोटाची बाही पुढे केली. "तानूबाई, एवढं बटण बघा हो. तुमच्या हातातच आहे ते." मग कुणाची पिशवी, कुणाच्या मुलीचा परकर, संमेलन आलं की सगळ्या शाळेचे पोशाख. गणित तानूबाईंचं उत्तम होतं, ते कुणी विचारलं नाही. त्या हसून टाके घालायच्या आणि आतून अंगाचा तिळपापड व्हायचा. चिडून बोलावं तर लोक म्हणणार, बापाच्या धंद्याची लाज वाटते वाटतं! म्हणजे बोलायचीही सोय नाही.

या कामासाठी त्यांच्या पिशवीत वडिलांची मोठी कात्री असायची. वडिलांचा एकच दंडक होता आणि तो चिक्कपेटेतला प्रत्येक शिंपी पाळतो. कापडाच्या कात्रीने कापडच कापायचं. कागद नाही, सुतळी नाही. लहानपणी तानूबाईंनी त्या कात्रीने एकदा पतंगाचा कागद कापला, तर एरवी हात न उगारणाऱ्या बापाने पाठीत धपाटा घातला होता. "कात्री एकदा खराब झाली की कापडाला दात लागतात, कड कुरतडली जाते," तो म्हणाला होता. बाप गेला, दंडक राहिला.

एकोणसाठ साली जूनमध्ये त्यांच्या वर्गात रेणुका आली. अथणीकडची, डोंबाऱ्यांची. बाप देवाप्पा एके काळी गावोगाव बांबू रोवून दोरीचे खेळ करायचा. बायको चंद्राबाई दोरीवरून पडली आणि कंबरेतून अधू झाली, त्या दिवशी त्याने दोरी जाळली आणि यशवंतपूरच्या मालधक्क्यावर पोती उचलायला लागला. घरचं पाणी, चूल, आईचं उठवणं-बसवणं सगळं रेणुकेवर. त्यामुळे पोर रोज उशिरा यायची, दारात उभी राहायची आणि कुणी ओरडतंय का याची वाट बघायची.

ओरडणारे होतेच. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती कोंडाळं करायची. "ए डोंबारी, कोलांटी मार की!" मास्तरांच्या खोलीत भाषा सभ्य होती, अर्थ तोच. रघुपतीराव म्हणायचे, "या लोकांचं काय हो, आज इथे, उद्या तिथे. पटावर नाव तेवढं राहतं." रेणुका खडू न्यायला खोलीत आली, तेव्हा एका बाईंनी तर आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

तानूबाई भडकल्या. त्यांचा राग म्हणजे तव्यावरचं पाणी, चर्रर्र होऊन लगेच कामाला लागायचा. वर्गात त्यांनी सांगून टाकलं, जो कुणी कोलांटी मार म्हणेल त्याने आधी स्वतः मारून दाखवायची. दोन-तीन पोरांची तोंडं धुळीत गेल्यावर ती चेष्टा बंद पडली. रेणुका कितीही उशिरा आली तरी पहिल्या ओळीतली तिची जागा रिकामी राहील आणि तिने दारात उभं न राहता सरळ येऊन बसायचं, असं ठरलं. डब्यातलं अर्धं उप्पिट तिच्यापुढे सरकू लागलं.

एकदा बाईंनी तिला विचारलं, "रेणू, शाळेत तुला सगळ्यांत काय आवडतं ग?"

"बसायला," पोर म्हणाली.

"म्हणजे?"

"हितं बसलं की कोण ऊठ म्हणत नाही."

बाईंना खूप हसू आलं. मास्तरांच्या खोलीत जाऊन त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं आणि सगळे हसले. कानांनी ऐकलं खरं, पण आत उतरलं नाही. स्वतःला क्षणभर बसता येत नव्हतं ना!

मग नोव्हेंबरातला बालदिन आला आणि बाईंच्या डोक्यात कल्पना शिरली. दर वर्षी तीच गाणी, तोच कोळीनाच कशाला? या वर्षी प्रत्येक मुलाने आपल्या घरची कला दाखवायची! कुंभाराच्या मुलाने पणती करावी, फुलवालीच्या मुलीने अबोलीची वेणी गुंफावी, आणि शेवटी रेणुका दोरीवर चालेल. ज्या कामाला लोक हिणवतात त्यालाच सगळ्यांसमोर टाळ्या पडू देत, म्हणजे कायमचं मिटेल. कल्पना इतकी आवडली की त्या संध्याकाळी गच्चीतल्या येरझाऱ्या दुप्पट झाल्या.

रेणुकेला त्यांनी भर वर्गात विचारलं. पोर खाली बघत राहिली. बाई म्हणाल्या, "लाजू नको ग, सरी ना?" आणि तिच्या तोंडचं 'सरी', म्हणजे 'बरं', ऐकायला न थांबता पुढे निघाल्या.

व्हॉलीबॉलच्या दोन खांबांना काथ्याची दोरी बांधली. रेणुका हातात आडवी काठी घेऊन एका टोकाकडून दुसरीकडे गेली, मध्ये थांबली, गुडघा टेकवला, उठली. शाळा तपासणीला येणारे इन्स्पेक्टर साहेब पाहुणे म्हणून आले होते, ते खुर्चीतून अर्धे उठले. टाळ्यांचा पाऊस पडला. तानूबाईंचे डोळे अभिमानाने भरून आले.

आणि मग कुणीतरी एक नाणं फेकलं. वाईट हेतूने नव्हे, दोरीचा खेळ संपला की लोक तेच करतात. पाठोपाठ आणखी नाणी आली. रेणुका खाली उतरली. बाईंना वाटलं ती आपल्याकडे येईल. ती वाकली, परकराचा ओचा धरला, नाणी वेचली आणि लहानपणापासूनच्या सवयीने खुर्च्यांच्या ओळीपुढून ओचा पसरत चालू लागली. रघुपतीरावांपाशी पोचल्यावर ती भानावर आली. सगळी शाळा हसत होती.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय?

रेणुका शाळेत यायची बंद झाली. पहिल्या ओळीतली जागा दिवसचे दिवस रिकामी राहिली. बाई शिकवताना तिथपर्यंत जायच्या आणि वळायच्या. रघुपतीराव म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? आज इथे, उद्या तिथे." शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर त्या मालधक्क्यामागच्या झोपड्यांत गेल्या. चंद्राबाई बाजेवर पडली होती. तिने बाईंना पाणी दिलं नाही. "घरात द्यायला उठणारं माणूस नाही," म्हणाली. "आप्पाजी घेऊन गेला तिला, माझा दीर. बसवनगुडीला, परिषेला."

कडलेकाई परिषे म्हणजे कार्तिकातली शेंगांची जत्रा. बसवण्णाच्या देवळासमोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, मधून माणसांचा पूर. बाई सोमवारी रजा टाकून गेल्या. पायाखाली टरफलं करकरत होती. शेंगावाल्या बायका ओरडत होत्या, फुगे वाजत होते आणि त्या सगळ्यातून त्यांना ढोलकी ऐकू आली. फुल्या मारून रोवलेले बांबू, त्यावर ताणलेली दोरी. शाळेतली दोरी माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होती, ही डोक्यावरून जात होती. तिच्यावर रेणुका. अंगात बाईंनीच शिवून दिलेलं पोलकं होतं.

आप्पाजी ढोलकी बडवत होता. देवाप्पा गर्दीच्या कडेला दोरीकडे पाठ करून उभा होता.

"देवाप्पा, हे काय?" बाई तिथूनच कडाडल्या. "पोरीची शाळा बुडवून तुम्ही पुन्हा..."

देवाप्पा शांतपणे म्हणाला, "बाई, म्या दोरी जाळली हुती. हा माझा भाऊ दर जत्रंला दारात येऊन बसायचा. पोर दे म्हणायचा, जत्रंचा हंगाम हाय. म्या म्हणायचो, न्हाई, ती शाळंला जाती. तेवढं बोललं की त्याचं तोंड बंद व्हायचं. आता त्यो म्हणतो, शाळंत बी दोरीवरच चढिवत्यात की! मग हितं काय वाईट?" तो बाईंकडे वळला. "तुमीच सांगा, ह्याच्यावर म्या काय बोलू?"

 वर्गात, घरात, गच्चीत एका जागी न ठरणारी ती बाई त्या गर्दीत खिळल्यासारखी उभी राहिली. त्यांना बटणं आठवली. तुमच्या हातातच आहे ते! रघुपतीरावांनी निदान कोटाचं बटण पुढे केलं होतं. आपण तर पोरीपुढे तिच्या आईची कंबर मोडणारी दोरीच पुढे केली, आणि वर टाळ्या वाजवल्या. 

ढोलकी थांबली. रेणुका खाली उतरली, ओचा पसरून गर्दीतून फिरत फिरत त्यांच्यासमोर आली आणि बाईंना बघून ओचा सोडून दिला. नाणी टरफलांत पडली.

"रेणू, मी तुला विचारलंच नाही ग," बाई म्हणाल्या. "विचारल्यासारखं केलं नुसतं." मग देवाप्पाकडे वळल्या. "शाळेत तिला पुन्हा कुणी दोरीवर चढ म्हणणार नाही. माझा शब्द."

"शब्द बाईंचा. शाळा हेडमास्तरांची," देवाप्पा म्हणाला.

"मग एक वर्ष बघा. पुढच्या बालदिनाला तुम्ही स्वतः या. तुमची मुलगी सगळ्यांत बसलेली दिसली नाही, तर तिथूनच घेऊन जा. मी अडवणार नाही."

 आप्पाजी मागून काहीतरी खेकसला, त्याच्याकडे देवाप्पाने बघितलं नाही. "सरी," तो म्हणाला.

त्या वर्षात तानूबाईंचा जीव सतत टांगणीला होता. रेणुकेला पाच मिनिटं उशीर झाला की त्या खिडकीशी, दहा मिनिटांनी फाटकाशी. वर्गातली त्यांची रीत मात्र बदलली. "कुंभाराचा ना तू, मग माती तू कालव," हे बंद. आता माती रेल्वे गार्डाचा मुलगा कालवायचा, कुंभाराचा शिवाप्पा नकाशा टांगायचा आणि त्याच्या हातून हिमालय हमखास उलटा लागायचा. कुणाला काय येतं यापेक्षा कुणाला काय हवंय, हे त्या विचारायला शिकल्या, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहायलाही. हे दुसरं त्यांना फार जड गेलं. रविवारी एकदा-दोनदा त्यांनी चंद्राबाईला टांग्यातून मोठ्या दवाखान्यात नेलं. कंबर काही सरळ झाली नाही, पण भिंतीला धरून ती उठू लागली आणि रेणुकेचा सकाळचा भार थोडा हलका झाला.

बटणं मात्र त्या अजूनही लावत होत्या. सवय सुटायला वेळ लागतो.

पुन्हा बालदिन आला. बाईंनी रेणुकेला विचारलं, "तुला यंदा काय करायचंय?" आणि थांबल्या.

"बसून बघायचंय," ती म्हणाली.

"ठरलं."

त्या दिवशी बाई सकाळपासून कोपऱ्यातल्या खोलीत पोरांच्या पोशाखांना शेवटचे टाके घालत होत्या. बाहेर गाणी झाली, नाच झाला. पडदा सारून त्या मधून मधून बघत होत्या. सतरंजीवर दुसऱ्या ओळीत रेणुका मांडी घालून बसलेली. फाटकाशी खांद्यावर टॉवेल टाकून देवाप्पा उभा. सगळं ठीक होतं. त्या कात्री घेऊन पुन्हा आत वळल्या.

तेवढ्यात बाहेर खुर्च्या सरकल्या. रघुपतीरावांचा आवाज आला, "आणि आता इन्स्पेक्टर साहेबांच्या खास इच्छेवरून..."

बाई धावत बाहेर आल्या. शिपायाने दोन खांबांना दोरी ताणून बांधली होती. त्या आत टाके घालत असतानाच.

"अहो, हे काय चाललंय?" त्या रघुपतीरावांच्या खुर्चीशी जाऊन दबक्या आवाजात म्हणाल्या. "मी तुम्हाला वर्षभर सांगतेय. तिच्या बापाला मी शब्द दिलाय!"

"तानूबाई, स्वल्प समजून घ्या. साहेब एवढं म्हणतायत. पाच मिनिटांचा खेळ. आणि तिच्या रक्तातच आहे हो ते."

मागून पोरं ओरडायला लागली, "हग्ग! हग्ग!" कानडीत हग्ग म्हणजे दोरी. आधी चार पोरं, मग सगळी शाळा, मग कुंपणाबाहेरचे लोकसुद्धा. टाळ्यांचा ताल लागला. दुसऱ्या ओळीतून रेणुका हळूहळू उठून उभी राहिली. ती बाईंकडे बघत नव्हती, दोरीकडेही नाही. देवाप्पाने फाटक सोडलं होतं आणि तो गर्दीतून मुलीकडे यायला निघाला होता. तिला न्यायला. बाईंनीच तसं सांगितलं होतं.

 बोलण्याचा उपयोग नव्हता, त्या गदारोळात ऐकणार कोण? हातात कात्री होती. त्या ताडताड चालत खांबाशी गेल्या आणि तिथे पोचल्यावर, दोरीला लावता लावता, त्यांचा हात अडखळला. पाठीत तो जुना धपाटा बसल्यासारखं झालं. कापडाच्या कात्रीने कापडच कापायचं.

मग त्यांनी कात्री लावली.

काथ्याची दोरी कापडासारखी थोडीच तुटते! एका दाबात काही झालं नाही. पाती कण्हली, घसरली. बाईंनी दोन्ही हातांनी मूठ धरून पुन्हा दाबली, पुन्हा, पुन्हा. एकेक पेड सुटत होता. पदर खांद्यावरून घसरला होता, घाम डोळ्यांत जात होता आणि सगळी शाळा बघत होती. "हग्ग, हग्ग" विरत विरत थांबलं. शेवटचा पेड तुटला आणि ताणलेली दोरी सपकन उडून धुळीत पडली.

कुणी टाळी वाजवली नाही. रघुपतीराव लालबुंद झाले होते. इन्स्पेक्टर साहेबांनी चष्मा काढून पुसला.

रेणुका अजून उभीच होती. देवाप्पा तिच्यापर्यंत पोचला होता. त्याने दोरीकडे पाहिलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं. मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बस खाली."

ती बसली. तिच्या शेजारी सतरंजीवर तोही बसला, आणि उरलेला कार्यक्रम बाप-लेकीने संपेपर्यंत बघितला.

तानूबाईंना त्याची किंमत द्यावी लागली. शिस्तभंगाचा ठपका आला, पगारवाढ अडली, रघुपतीराव महिनाभर बोलले नाहीत. महिन्यानंतर बोलले ते कोटाची बाही पुढे करूनच. "तानूबाई, हे अस्तर जरा..."

बाईंनी पिशवीतून कात्री काढून त्यांच्यापुढे धरली. दोन्ही पात्यांना मधोमध खाच पडली होती. "आता हिने कापडाला दात लागतात, सर," त्या म्हणाल्या. "चिक्कपेटेत माझ्या भावाचं दुकान आहे, तिथे टाका. चांगलं काम करतो." त्यानंतर त्यांच्या खुर्चीवर कुणाचा सदरा पडला नाही. गुंडोने कात्री बघून आधी कपाळावर हात मारला, मग धार लावून आणतो म्हणाला. बाई म्हणाल्या, "राहू दे. अशीच बरी आहे."

रेणुका तिथे शिकली, मग पुढच्या शाळेत गेली, मध्ये दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा पुन्हा बसली. सदुसष्ट-अडुसष्ट सालच्या एका दुपारी ती बाईंच्या वर्गाच्या दारात आली. केसांत अबोली, हातात पेढ्यांचा पुडा. घड्याळाच्या कारखान्यात तिला काम लागलं होतं. बारीक चाकं चिमट्याने उचलून बसवायची असतात, ती सांगत होती, आणि बाई नेहमीप्रमाणे फळा पुसत, खिडक्या लावत, हे उचल ते ठेव करत ऐकत होत्या.

"आणि बाई, दिवसभर बसून काम!" रेणुका म्हणाली. "कोण ऊठ म्हणत नाही."

बाईंचा हात फळ्यावर थांबला. त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

रेणुकेने वेताच्या खुर्चीवरची खडूची पेटी उचलून खाली ठेवली, नकाशा उचलला, पदराने धूळ झटकली.

"तुमी पण बसा की, बाई. स्वल्प."

तानूबाई बसल्या.